सातव्या प्रकरणातला परिच्छेद

गुरुवार, १२ मार्च. उद्या सकाळी नगरपालिकेची जुन्या कागदांची गाडी येणार आहे. ती महिन्यातून एकदाच येते, म्हणून तुमच्या खोलीतले कागद आजच वेगळे करायला घेतले. अप्पा, तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. संदीप मुलगा म्हणून लगेच पुण्याला गेला. ईराची परीक्षा असल्यामुळे आम्ही मायलेकी इथे हॉलंडला, नीउ-व्हेनेपलाच राहिलो. तुम्ही तेरावं करायचं नाही असं लिहून ठेवलं होतंत, तसं ते करणार नाही. बावीस तारखेला शोकसभा आहे. तिथेच तुमचं पुस्तक लोकांच्या हातात द्यायचं ठरलंय. प्रकाशकांना अंतिम होकार उद्या दुपारी साडेबारापर्यंत हवा, म्हणजे आमचे सकाळचे आठ.

कागदांचे तीन ढीग केले. वर्तमानपत्रांची कात्रणं रद्दीच्या डब्यात. छापून काढलेले जुने खर्डे डब्यात. तुमच्या हातच्या वह्या ठेवायच्या. सातव्या प्रकरणाची वही हातात आली आणि काम थांबलं.

या प्रकरणाबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले आहे. बोलले म्हणण्यापेक्षा, खोटं वाचलं.

तुम्ही दर उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर यायचात. येताना बॅगेत लोणचं कमी आणि वह्या जास्त. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांची प्रूफं वाचलीत, त्यातली पंचवीस वर्षं युनियनचं काम केलंत, आणि निवृत्तीनंतर स्वतःचं पुस्तक लिहायला घेतलंत. अमेरिका आणि रशिया यांचं वैर नेमकं कुठून सुरू झालं, हे मराठी वाचकाला सोप्या भाषेत सांगायचं, असं तुमचं म्हणणं. तुम्ही हाताने लिहायचात, मी टाइप करायची. मग रविवारी अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर बसून तुमच्या छापखान्याच्या पद्धतीने तपासणी. मी लॅपटॉपवरून मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि तुम्ही वहीत बोट ठेवून ओळीमागून ओळ ताडून बघायचं. "युद्ध संपलं स्वल्पविराम पण सैन्यं घरी गेली नाहीत पूर्णविराम नवा परिच्छेद." ईरा पहिल्या उन्हाळ्यात हे ऐकून हसून लोळायची. म्हणायची, आजोबांना झोपवायला आई विचित्र गाणं म्हणते.

मी फुलांच्या निर्यात कंपनीत मालाच्या गाड्यांचं वेळापत्रक लावते. मला याल्टा कुठे आहे हेही नीट माहीत नव्हतं. पण तीन उन्हाळे तुमचं अक्षर वाचलं की माणसाला मत येतंच. आणि मत आलं की आपलं भांडण.

तुमचं म्हणणं पक्कं होतं. वैर एकोणीसशे पंचेचाळीस साली सुरू झालं नाही, अठरा साली झालं. क्रांती होऊन वर्ष झालं नाही तोवर इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, जपान, सगळ्यांनी रशियात सैन्य उतरवलं. बाळ पाळण्यात असताना गळा दाबायला गेले, हे तुमचं वाक्य. मग दुसऱ्या युद्धात रशिया एकटा रक्त सांडत असताना पश्चिमेकडची आघाडी उघडायला चव्वेचाळीस साल उजाडलं. जर्मनी शरण आल्यावर काही दिवसांत रशियाला जाणारी मदत थांबवली, वाटेतली जहाजंसुद्धा परत बोलावली. आणि मग अणुबॉम्ब. "आता सांग," तुम्ही म्हणायचात, "अशा माणसाने शेजाऱ्यावर विश्वास ठेवायचा?"

"शेजाऱ्यावर नका ठेवू," मी म्हणायची. "पण म्हणून दुसऱ्याच शेजाऱ्याचं घर बळकावायचं?"

"तू भांडवलदारांच्या फुलांच्या गाड्या सोडतेस, तू असंच बोलणार."

"आणि तुम्ही त्याच गाड्यांच्या पगारावर घेतलेल्या तिकिटाने येता."

यावर तुम्ही हसायचात. हे भांडण गमतीचं होतं. गेल्या ऑगस्टमधलं नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये तुम्ही सातवं प्रकरण लिहीत होतात. तुमचा आवडता प्रसंग त्यात आहे. चव्वेचाळीस सालच्या ऑक्टोबरात मॉस्कोमध्ये ब्रिटनचा पंतप्रधान आणि रशियाचा नेता समोरासमोर बसले आणि एका कागदाच्या कपट्यावर देश वाटून घेतले. रुमानिया नव्वद टक्के रशियाचा, ग्रीस नव्वद टक्के ब्रिटनचा, युगोस्लाव्हिया अर्धा अर्धा. तुम्ही म्हणालात, "बघ, लोकशाहीवाल्यांची लोकशाही." मी म्हणाले, "टेबलावर दोघे होते, अप्पा. कपटा एकाने सरकवला, दुसऱ्याने त्यावर खूण केली." ते तुम्ही मान्य केलंत, आणि एक वाक्य घातलंतसुद्धा.

मग मी प्रागचं काढलं. सत्तेचाळीस सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेने युरोपला उभं करायला मदत देऊ केली. पॅरिसला बैठक ठरली. चेकोस्लोव्हाकियाच्या मंत्रिमंडळाने एकमताने 'येतो' म्हणून कळवलं. मग त्यांचे मंत्री मॉस्कोला गेले आणि परत आले ते 'येत नाही' घेऊन. काही दिवसांत होकाराचा नकार झाला. मी म्हणाले, प्राग तर त्या कपट्यावरही नव्हतं. हे तुमच्या प्रकरणात यायला हवं.

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "त्या मदतीच्या मागे बांधून ठेवणारी दोरी होती. ती दिसली म्हणून ते मागे फिरले."

"त्यांना दिसली नाही. त्यांना दाखवली गेली."

"मीनल, हे प्रकरण सुरुवातीबद्दल आहे. हा परिणाम आहे."

"ज्याच्या घरात झालं त्याला ती सुरुवातच वाटली असेल."

"एक ओळसुद्धा घालणार नाही मी. पुस्तक माझं आहे. तुला लिहायचं तर तुझं लिही."

ते तुम्ही तोडून बोललात. तुम्ही कधी ओरडत नव्हतात. ओरडला असतात तर मी सोडून दिलं असतं. तुम्ही आवाज खाली आणायचात आणि विषय संपायचा. हा आवाज मी आधी एकदा ऐकला होता. माझ्या लग्नाच्या वर्षी. मला चेन्नईच्या बंदरातल्या कंपनीत नोकरी लागली होती, मी होकार कळवला होता. तुम्ही पुण्याच्या घरात चहा पिता पिता म्हणालात, "संदीपला हॉलंडचं पत्र आलंय, मग चेन्नईचं काय काढलंय आता." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन करून नाही म्हणाले. कामगारांच्या हक्कांसाठी तुरुंगात दोन रात्री काढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटलं नाही, आणि मीही तुम्हाला कधी काही म्हणाले नाही. इथे आले, चार वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर बसले, डच शिकले, मग गाड्यांचं काम मिळालं. तक्रार नाही. पण प्रागच्या मंत्र्यांबद्दल वाचताना मला तो फोन आठवला, हे खरं आहे.

शनिवारी तुम्ही शेजारच्या डच म्हाताऱ्याकडे, कोरकडे गेला होतात. मी सातव्या प्रकरणाच्या फाइलमध्ये प्रागबद्दल अकरा ओळी टाइप केल्या. तुमच्या भाषेत. तीन वर्षं तुमची वाक्यं टाइप करून मला ती जमायला लागली होती. लहान वाक्यं, शेवटी प्रश्न. कोणालाही जोड दिसली नसती.

रविवारी अकरा वाजता आपण बसलो. मी वाचत गेले, तुम्ही बोट सरकवत गेलात. त्या परिच्छेदापाशी आले आणि डोळे खाली उतरवून अकरा ओळी गाळून पुढचं वाचलं. तुमच्या वहीत ते नव्हतंच, तुमचं बोट कुठेच अडखळलं नाही. मी मध्ये पाणी प्यायले. तुम्ही म्हणालात, "दमलीस? थांबूया."

"नाही. वाचते."

नंतर काढून टाकीन, किंवा सांगीन, असं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात कोरच्या बागेतला तो प्रसंग घडला आणि राहून गेलं.

कोर ब्याऐंशी वर्षांचा. तुमचं आणि त्याचं एकही सामाईक वाक्य नव्हतं, तरी तुम्ही दोघं त्याच्या बागेत तासन् तास बसायचात. त्या दिवशी त्याने मला कुंपणावरून हाक मारली, "शेजारीणबाई, या इकडे, तुमच्या सासऱ्यांना काहीतरी सांगायचंय." त्याने सांगितलं ते मी मराठीत केलं. त्याचे वडील अॅमस्टरडॅमला दूध घालायचे. कम्युनिस्ट होते. जर्मनांच्या काळात दुधाच्या बरण्यांखाली पक्षाचं चोरटं वर्तमानपत्र लपवून सायकलवरून वाटायचे. युद्धाच्या शेवटच्या, उपासमारीच्या हिवाळ्यात जे मिळेल ते गल्लीत वाटून खाल्लं. युद्धानंतर अमेरिकन पिठाचा पाव घरात आला तेव्हा वडील पोरांना म्हणाले, "खा पोटभर, पण आभार मानू नका." तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. मग कोर म्हणाला, छप्पन साली बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे घुसले, आणि आमच्या गल्लीतल्या लोकांनी आमच्या खिडक्या फोडल्या. मी बारा वर्षांचा होतो. दगड मारणाऱ्यांत माझे गणिताचे सर होते.

तुम्ही मला विचारायला सांगितलंत, "याच्या मते सुरुवात कोणी केली?"

कोर म्हणाला, "मोठ्या लोकांचं मला माहीत नाही. आमच्या खिडकीची सुरुवात सरांनी केली."

घरी आल्यावर म्हणालात, लिहून घे. हे सातव्याच्या शेवटी जाईल. आणि मग, भाजी निवडता निवडता, "रणगाड्यांचंही लिहायला हवं, नाही का?" मी म्हणाले, हो. तेव्हा सांगायला हवं होतं. दार तुम्ही स्वतः उघडलं होतंत. पण तुम्ही रणगाड्यांची एक ओळ लिहिलीत आणि मी समाधान मानलं. आपण जिंकतोय असं वाटलं मला. अशा वेळी माणूस कबुली देत नाही.

तुम्ही परत गेलात. नोव्हेंबरात फाइल प्रकाशकांकडे गेली, अकरा ओळींसकट. फेब्रुवारीत पानं लावून प्रूफं आली. माझ्याकडे संगणकावर, तुमच्याकडे कागदावर. पान एकशे बारा. छापील अक्षरात तो परिच्छेद तुमचाच दिसत होता, माझ्यापेक्षा तुमचा जास्त. एका ओळीचा मेल करून काढता आला असता. केला नाही. खरं सांगायचं तर, तुम्ही तो वाचाल आणि फोन कराल, आणि मग आपण एकदाचं नीट भांडू, असं मला हवं होतं.

एक मार्चला रविवार होता. अकरा वाजता व्हिडिओ कॉल, तुमच्या दुपारच्या चहाची वेळ. तुम्ही म्हणालात प्रूफं चालू आहेत, सातव्यात आहे. तुम्ही ईराच्या परीक्षेचं विचारलंत, इथल्या थंडीचं विचारलंत. मग म्हणालात, "मीनल, तुला काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल?"

"असंच."

"नाही अप्पा. कुकर झालाय, ठेवते."

कुकर झाला नव्हता. मंगळवारी पहाटे तुम्ही गेलात. झोपेत, असं डॉक्टर म्हणाले.

आज दुपारी वही हातात घेऊन मी संदीपला फोन लावला. मागे माणसांचा आवाज होता.

"अप्पांची प्रूफं कुठे आहेत?"

"टेबलावर. उद्या प्रकाशकांचा माणूस नेणार. का?"

"एकशे बारा पान काढ."

"आत्ता? अगं घर भरलंय. साळवीकाका बसलेत." साळवीकाका म्हणजे तुमचे युनियनमधले जोडीदार, शोकसभेत तेच बोलणार आहेत. संदीपने आवाज उतरवला. "तेही मघाशी तेच विचारत होते. प्रस्तावनेसाठी त्यांनी आधीच वाचलंय. म्हणाले, प्रागचं वाचून धक्का बसला. अप्पांनी शेवटी भूमिका बदलली की काय? पन्नास वर्षं एकत्र काढली, मला एका शब्दाने बोलला नाही, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

मी सांगितलं. सगळं, तीन वाक्यांत.

"तू लिहिलंस? अप्पांच्या पुस्तकात?"

"हो. पान काढ."

पानं उलटल्याचा आवाज आला. मला माहीत होतं काय शोधायचं. तुम्ही लाल शाईने खोडायचात, काटेकोर, पट्टीने ओढल्यासारखं. छापखान्यातल्या नव्या पोरांना तुम्ही शिकवायचात ते मलाही शिकवलं होतंत: चूक दिसली तर शाईने दुरुस्त करा, पण मजकूर दुसऱ्याचा असेल आणि शंका असेल तर हात लावायचा नाही. पेन्सिलीने समासात लिहायचं, ज्याचा मजकूर त्याला विचारायचं.

"खुणा आहेत," संदीप म्हणाला. "एकशे अकरावर लाल शाई आहे, दोन ठिकाणी. एकशे बारावर..."

"काय आहे?"

"खोडलेलं नाही काही. परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलीची उभी रेघ आहे. वरपासून खालपर्यंत. आणि लिहिलंय, 'मीनलला विचारणे'."

मी वहीतलं तेच पान उघडलं.

"पुढे?"

"पुढे काही नाही. यानंतर खुणाच नाहीत. इथेच थांबलेत."

म्हणजे तुम्ही वाचलं होतंत. ओळखलं होतंत, जोड न दाखवणारी माझी जोड तुम्हाला दिसली होती. स्वतःच्या पुस्तकात माझ्या अकरा ओळी तुम्ही दुसऱ्याचा मजकूर म्हणून वागवल्यात. पट्टी लावून खोडू शकला असतात. त्याऐवजी रविवारी फोनवर विचारलंत, आणि मी कुकरचं कारण सांगितलं.

संदीप म्हणाला, "हे बघ, दोनच रस्ते आहेत. एक तर राहू दे, वाईट काही नाही त्यात. नाहीतर उद्या काढून टाक. मी साळवीकाकांना सांगतो, छापखान्याची चूक होती. पण हे कोणाला सांगत बसू नकोस."

"छापखान्याची चूक? अप्पांच्या शोकसभेत?"

"मग काय सांगू? सुनेने सासऱ्याच्या नावावर खोटं छापलं म्हणून सांगू? तिथे सगळी त्यांची माणसं असणार आहेत, मीनल. तू इथे नाहीस. मी त्यांच्यासमोर उभा राहणार आहे."

बरोबर होतं त्याचं. ठेवलं तर पन्नास वर्षांचे सोबती समजणार की म्हातारा शेवटी फिरला. गुपचूप काढलं तर तुम्ही विचारलेला प्रश्न मी दुसऱ्यांदा टाळणार. संदीपला म्हणाले, सकाळी कळवते.

ईरा दारात उभी राहून ऐकत होती. ती मराठी सगळं समजते, उत्तर देत नाही मराठीत. "आई, दॅट्स फेक," म्हणाली. मग तिला वाटलं की फार झालं, म्हणून डचमध्ये म्हणाली, डबा आजच बाहेर ठेवूया का, तुझी कंबर दुखते.

डबा ठेवला नाही. सातव्या प्रकरणाची वही पुन्हा वाचली. प्रागबद्दल तुम्ही एक ओळसुद्धा लिहिणार नव्हतात, तेच तुमचं मत होतं आणि शेवटपर्यंत राहिलं असेल. कदाचित बदललं असतं. मला माहीत नाही. रणगाड्यांची ओळ आहे म्हणून मी तुमच्या वतीने बाकीचं ठरवू शकत नाही. चहा पिता पिता माझ्या वतीने कोणी ठरवलं होतं तेव्हा ते मला आवडलं नव्हतं.

अप्पा, त्याचाही राग मी वीस वर्षं ठेवला, तुम्हाला न सांगता. विचारणे ही तुमची पद्धत होती, पण प्रूफांपुरती. घरात तुम्ही ती वापरली नाहीत. एकदाच वापरलीत, एक मार्चला, आणि नेमकी तेव्हा मी उत्तर दिलं नाही. मी तुमच्याकडून खूप शिकले. वाचायला शिकले, आणि एखादं वाक्य कोणाचं आहे हे ओळखायला. तुम्हाला भांडणाची भीती वाटत नव्हती, आणि माझ्याशी तुम्ही बरोबरीचं समजून भांडायचात. हे कधी सांगितलं नाही, तेही इथेच लिहून टाकते.

शुक्रवार, १३ मार्च. सकाळी सहाला उठले. कात्रणं आणि खर्डे भरून डबा फुटपाथवर नेला. तुमच्या वह्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. सातव्याची टेबलावर घेतली.

आधी फाइलमधून अकरा ओळी काढल्या. त्या पुस्तकाच्या अगदी शेवटी, वेगळ्या पानावर घेतल्या. वाक्यं माझ्या पद्धतीची केली, शेवटचा तुमच्या धाटणीचा प्रश्न काढून टाकला. खाली माझं पूर्ण नाव घातलं. वर लिहिलं: "हा मजकूर टाइप करणाऱ्या सुनेने लेखकाला न विचारता सातव्या प्रकरणात घातला होता. लेखकाने प्रूफं वाचताना तो ओळखला. तो त्यांचा नाही, आणि त्यांना तो मान्य नव्हता. त्यांनी तिला विचारलं, तेव्हा तिने उत्तर दिलं नाही. ते इथे देते आहे."

संदीपला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "साळवीकाकांना मी आज भेटून सांगतो. बोलायचं ते मलाच बोलतील." दोन मिनिटांनी आणखी एक ओळ, "त्यांनी रेघ काढली ते पान मी आपल्याकडे ठेवतोय."

मग रिकाम्या स्वयंपाकघरात बसून सातवं प्रकरण पहिल्यापासून मोठ्याने वाचलं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नव्या परिच्छेदासकट, आणि त्यापुढे शेवटचं पानही. डावं बोट वहीवर होतं, उजवं पडद्यावर. या वेळी काही गाळलं नाही. आठला दहा मिनिटं असताना होकारासह फाइल प्रकाशकांना पाठवली, डब्यावर झाकण आहे ना बघितलं, आणि सायकल काढली. फुलांची सव्वानऊची गाडी वेळेवर सुटायला हवी होती.